चौदा टोप्या : एडविन जॅक्सन आणि बेसबॉलमधली बदलीची नोकरी

विश्राम_सेंटलुईस

माझे वडील बँकेत होते. दर तीन वर्षांनी बदली ठरलेली. नंदुरबार, परभणी, चिपळूण, मग पुन्हा खानदेश. आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकांवर प्रत्येक गावाचं नाव ऑइल पेंटनं लिहिलेलं असायचं, जुन्यावर काट मारून खाली नवं. २००९ पासून मी अमेरिकेत सेंट लुईसला आहे. इथं बेसबॉल बघायला लागल्यावर माझा ज्याच्यावर जीव जडला तो इथल्या संघाचा, कार्डिनल्सचा, कुणी मोठा तारा नव्हता. तो आमच्या संघात जेमतेम तीन महिने होता. एडविन जॅक्सन.

जॅक्सन पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, १७ हंगाम आणि १४ संघ. इतके संघ त्याच्याआधी कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. अशा खेळाडूला इकडे 'जर्नीमन' म्हणतात. शब्द मूळचा कारागिरांचा. काम शिकून झालेलं आहे, हात तयार आहे, पण स्वतःचं दुकान नाही, म्हणून जिथं काम मिळेल तिथं रोजावर जाणारा. बेसबॉलमध्ये तो थोडा हिणवण्याच्या सुरात वापरतात. मला तो सूर पटत नाही, म्हणून हा धागा.

जन्म ९ सप्टेंबर १९८३, जर्मनीतल्या नॉय-उल्म गावी. वडील अमेरिकी लष्करात, म्हणजे बदली पाचवीलाच पुजलेली. शाळा जॉर्जिया राज्यातल्या कोलंबसमध्ये. २००१ साली लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सहाव्या फेरीत उचललं. पहिला मेजर सामना मिळाला तो बरोबर विसाव्या वाढदिवशी. समोर ॲरिझोनाचा रँडी जॉन्सन, सहा फूट दहा इंच उंचीचा, फलंदाजांनी धसका घेतलेला पिचर. आणि हा पोरगा जिंकला.

त्यानंतर डॉजर्समध्ये बस्तान बसलं नाही. २००६ च्या जानेवारीत टॅम्पा बेला ट्रेड, म्हणजे क्लबांमधली अदलाबदल. २००८ साली १४ सामने जिंकून दिले, संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे जेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, गेला, आणि डिसेंबरात त्याला डेट्रॉइटला धाडलं. २००९ मध्ये डेट्रॉइटकडून ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. त्याच डिसेंबरात तीन संघांच्या एका मोठ्या ट्रेडमध्ये ॲरिझोनाला. चांगलं खेळलं की बदली, वाईट खेळलं की बदली. माझ्या वडिलांना ऑडिटमध्ये शाबासकी मिळाली त्या वर्षीचं आठवतं. पंधरा दिवसांत चिपळूणची ऑर्डर हातात होती.

२५ जून २०१० ची संध्याकाळ मात्र नीट सांगितली पाहिजे. सेंट पीटर्सबर्गचं झाकलेलं मैदान, समोर जुनाच संघ, टॅम्पा बे. जॅक्सन ॲरिझोनाकडून. क्रिकेटवाल्यांसाठी: पिचरनं चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले की फलंदाजाला फुकट पहिला बेस (धाव पूर्ण करायच्या चार थांब्यांतला पहिला) मिळतो, त्याला वॉक म्हणतात. जॅक्सननं पहिल्या तीन इनिंगमध्ये सात वॉक दिले. तिसऱ्या इनिंगमध्ये एकही बाद नसताना तिन्ही बेस भरलेले. कुठलाही प्रशिक्षक तिथंच पिचर बदलतो. तो मात्र त्यातून एकही धाव न देता सुटला. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात यायला लागलं की वॉक कितीही झाले असले तरी अजून कुणाला हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं, जमलेलं नाही. साधारण शंभर चेंडूंपाशी पिचरला थांबवतात. त्यानं १४९ टाकले. म्हणजे एका संध्याकाळी जवळपास पंचवीस षटकं, एकट्यानं. आठ वॉक, शून्य हिट. ॲडम लारोशच्या एकुलत्या एका होम रनवर, म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्यावर, सामना १-० असा जिंकला. एकही हिट न देता पूर्ण सामना, म्हणजे नो-हिटर! कितीतरी थोर पिचर आयुष्यभर थांबतात आणि त्यांना एकही मिळत नाही.

पाच आठवड्यांनी, ३० जुलैला, शिकागो व्हाइट सॉक्सला ट्रेड.

आणि पुढच्या वर्षीचा २७ जुलै. सकाळी तो शिकागोचा. मग टोरोंटोचा. टोरोंटोची टोपी डोक्यावर चढायच्या आत त्याच दिवशी सेंट लुईसचा. टोरोंटोला आमच्याकडचा कोल्बी रॅस्मस हवा होता, त्याच्या बदल्यात द्यायला पिचर हवे होते, म्हणून त्यांनी जॅक्सनला वाटेत उचललं आणि पुढं पाठवलं. त्याच ट्रेडमधून आमच्याकडे ऑक्टाव्हियो डोटेलही आला. तो पुढच्या वर्षी डेट्रॉइटकडून खेळला आणि १३ संघांचा विक्रम त्याच्या नावावर लागला. तो विक्रम मोडला जॅक्सननं. दोघं एकाच दिवशी, एकाच व्यवहारात गावात आले होते.

मी त्याला ऑगस्टातल्या एका उकाड्याच्या संध्याकाळी बघितलं. तिसऱ्या बेसच्या बाजूला, वरच्या रांगेत. दोन चेंडूंच्या मधे तो टोपी काढून कपाळ दंडानं पुसायचा, टोपी पुन्हा घालताना तिची कड दोन बोटांनी चेपायचा. नवीन टोपी होती, कड अजून सपाट होती. सगळे जुने खेळाडू वाकलेल्या कडेच्या टोप्या घालून, आणि हा सपाट. मला एकदम परभणीच्या शाळेतला पहिला दिवस आठवला, कडक इस्त्रीचा नवा गणवेश आणि बाकीच्यांचे धुऊन मऊ झालेले.

त्या ऑक्टोबरात कार्डिनल्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली.

पुढचं वाचकांनी भर घालावी.

सौमित्र_के

छान लिहिलंय दादा. बेसबॉल कळत नाही, पण कपडे आणि टोपीचं वाचून थांबलो. प्रश्न: हे आयपीएलसारखंच नाही का? ॲरन फिंच नऊ संघांकडून खेळला होता.

विश्राम_सेंटलुईस

सौमित्र, फरक आहे. लिलावात खेळाडू आपलं नाव स्वतः देतो, आणि आयपीएल दोन महिन्यांचं असतं. उरलेलं वर्ष तो आपल्या राज्याचा, आपल्या देशाचा असतो. इथं हीच सगळी नोकरी. हंगामात १६२ सामने, फेब्रुवारीपासून सराव शिबिर. आणि ट्रेड होताना खेळाडूला विचारत नाहीत. त्याचा करारच एका क्लबकडून दुसऱ्याकडे जातो. नकार द्यायचा हक्क नियमानं मिळतो तो मेजरमध्ये दहा वर्षं झालेल्याला, आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात असतील तरच. म्हणजे ज्याला सारखं हलवलं जातं त्यालाच हा हक्क कधी मिळत नाही. जॅक्सनची दहा वर्षं केव्हाच झाली होती. एका जागी पाच कुठून आणणार?

मंजिरी_डरहॅम

विश्राम, आमच्या डरहॅममधला संघ टॅम्पा बेचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजरच्या लगेच खालची पायरी. आम्ही गेली नऊ वर्षं जातो. मुलाला आधी बाबागाडीत नेत होतो, आता तो स्कोअरकार्ड भरतो. त्यामुळे मला या गोष्टीची खालची बाजू माहीत आहे, ती लिहिते.

मेजर संघात २६ जणांची यादी, आणि तिच्याभोवती ४० जणांची मोठी यादी. त्या चाळिसात असलेल्या खेळाडूला क्लब तीन हंगामांपर्यंत खाली पाठवू शकतो, वर बोलावू शकतो. याला ऑप्शन म्हणतात. इथं लोक बोलतानाच म्हणतात, 'त्याचे ऑप्शन संपले.' संपले की मग त्याला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या सगळ्या क्लबांना विचारावं लागतं, कुणाला हवाय का. आणि सगळ्यात वाईट तीन अक्षरं म्हणजे डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट). चाळिसातून नाव काढलं, सात दिवसांत काय ते ठरणार: ट्रेड, दुसऱ्या कुणी उचलणं, खालची रवानगी, नाहीतर करारातून मोकळं करणं. ते सात दिवस तो खेळाडू कुठल्याच मैदानावर नसतो. बायको भाड्याच्या घरात, सामान अर्धं बांधलेलं.

पैशाचं अंतर बघा. २०२५ मध्ये मेजरमधला किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर. ट्रिपल-एमध्ये, २०२३ ला खेळाडूंची संघटना मायनरपर्यंत, म्हणजे मेजरच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत, आल्यावर, किमान ३५,८०० झाला. त्याआधी तो १७,५०० होता. म्हणजे वरून फोन आला की दिवसाचे चार हजार डॉलर, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा खाली. शिवाय वरच्या एकेक दिवसाची नोंद होते. १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात. ४३ दिवस भरले की पेन्शनमध्ये नाव लागतं. सहा वर्षं झाली की कुठंही जायला मोकळा. दहा वर्षं भरली की पूर्ण पेन्शन. तिशी ओलांडलेला खेळाडू सप्टेंबरात आमच्या मैदानावर असतो ना, तो बहुतेक वेळा दिवस मोजत असतो.

एकदा सातवी इनिंग चालू होती. डावीकडचा आउटफिल्डर मैदानात निघाला आणि प्रशिक्षकानं त्याला हाक मारून परत बोलावलं. दुखापत नाही, चूक नाही. डगआउटच्या पायऱ्यांवर एक जण त्याच्या गळ्यात पडला, मग दुसरा, मग सगळी रांग. माझ्या मुलानं विचारलं, 'आई, तो वर गेला की विकला गेला?' आम्हाला तेव्हा कळलं नाही. मिठी दोन्हीला सारखीच मारतात.

अरविंद_जो

लेख भावला, पण एक बाजू सुटली आहे असं मला वाटतं. मी शिकागोत राहतो, इथल्या दुसऱ्या संघाचा, कब्जचा, चाहता. २०१३ च्या हंगामासाठी आम्ही जॅक्सनला चार वर्षांचे ५ कोटी २० लाख डॉलर दिले होते. पहिल्या वर्षी ८ विजय, १८ पराभव. दुसऱ्या वर्षी ६ आणि १५. दर नऊ इनिंगमागे सहाच्या वर धावा. ते सामने मी तिकीट काढून बघितले आहेत. २०१५ च्या जुलैमध्ये करार अर्धवट असताना क्लबनं त्याला मोकळं केलं. कारकिर्दीचा हिशेब १०७ विजय, १३३ पराभव. चौदा क्लबांनी त्याला घेतलं तसं चौदाही क्लबांनी सोडलं, हेही खरं आहे. माणूस म्हणून तो सगळ्यांना आवडायचा, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याची कारकीर्द डोक्यावर घ्यावी अशी होती का?

आकडेमोड

अरविंदराव, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण विजय-पराभव हा पिचरचा एकट्याचा आकडा नसतो. २०१३ चे कब्ज मुळातच मोडून नव्यानं बांधायला काढलेला संघ होता. दुसऱ्या वर्षीच्या ६.३३ चा (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) बचाव मी करणार नाही, ते वर्ष वाईटच गेलं.

पण हे बघा. २००७ ते २०१३ सलग सात हंगाम, आणि प्रत्येक हंगामात त्यानं ३० पेक्षा जास्त सामन्यांची सुरुवात केली. सुरुवातीच्या पिचरची पाळी पाचव्या दिवशी येते. १६२ ला पाचानं भागा, बत्तीस होतात. म्हणजे सात वर्षं हा माणूस जवळजवळ एकही पाळी चुकला नाही. पिचरचा खांदा आणि कोपर हे बेसबॉलमधले सगळ्यात लवकर मोडणारे अवयव आहेत. कितीतरी जास्त गुणी पिचर शस्त्रक्रिया करून दीड-दीड वर्ष घरी बसलेले असताना हा दर पाचव्या दिवशी चेंडू हातात घेऊन उभा. त्या सात हंगामांत त्याची सहा संघांमधून बदली झाली होती तरी! क्लब त्याला का घेत होते याचं उत्तर तिथं आहे. जुलैच्या शेवटी ट्रेडची मुदत संपायला आली की ज्याच्याकडे पाळी भरायला माणूस नाही तो क्लब जॅक्सनला फोन लावायचा.

आणि त्याच्या बदल्यात काय मिळत होतं तेही बघा. २००९ च्या त्या तीन संघांच्या ट्रेडमध्ये जॅक्सन डेट्रॉइटहून गेला तेव्हा डेट्रॉइटला ॲरिझोनाकडून एक तरुण पिचर मिळाला. त्याचं नाव मॅक्स शर्झर. पुढे तीन वेळा साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान. २०१७ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सकडून दोघं एकाच संघात खेळले. ज्याच्या अदलाबदलीत आपण गेलो त्याच्याच शेजारच्या कपाटात आपले बूट.

अरविंद_जो

शर्झरचं लक्षात नव्हतं. सात वर्षांच्या पाळ्यांचंही. मान्य. तरी ५ कोटींचं दुःख राहतंच.

विश्राम_सेंटलुईस

राहू द्या, ते खरं दुःख आहे. एक गोष्ट त्याला जोडून. कब्जनी मोकळं केल्यावर कराराचे उरलेले पैसे तेच देणार होते. नव्या क्लबनं फक्त किमान पगार द्यायचा. त्यामुळे अटलांटानं २०१५ मध्ये आणि मायामीनं २०१६ मध्ये त्याला जवळजवळ फुकटात घेतलं. पैसे घरबसल्या मिळत होते. तरी तो अटलांटात रिलीफ पिचर म्हणून, म्हणजे कुणाची तरी उरलेली इनिंग भरायला, गेला. मायामीनं सोडलं तर सॅन डिएगो. मग २०१७ ला बाल्टिमोर, तिथून पुन्हा वॉशिंग्टन. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या मायनर संघातून सुटून ओकलंडला आला तेव्हा वयाची चौतिशी उलटलेली. तिथं ६ विजय, ३ पराभव, दर नऊ इनिंगमागे ३.३३ धावा. ओकलंडनं त्या वर्षी प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, गाठली, आणि मधल्या महिन्यांत त्यांचे पिचर एकामागून एक जायबंदी झाले होते. अशा वेळी रोजावरचा कारागीरच लागतो.

आणि २०१९ चा मे महिना. ओकलंडनं त्याला रोख रकमेच्या बदल्यात टोरोंटोला दिलं. तेच टोरोंटो, ज्यांच्या यादीत तो २०११ मध्ये काही तास होता आणि ज्यांच्याकडून त्यानं एकही चेंडू टाकला नव्हता. १५ मे ला सॅन फ्रान्सिस्कोत तो त्यांच्या निळ्या टोपीत मैदानावर आला आणि चौदावा संघ झाला. आठ वर्षं उशिरा मिळालेली टोपी.

केदार_प्लॅनो

विश्राम, २०११ च्या वर्ल्ड सिरीजबद्दल भर घालतो. मी टेक्सासचा, समोर आमचाच संघ होता, त्यामुळे ती जखम माझी आहे. चौथा सामना आमच्या आर्लिंग्टनला झाला, जॅक्सननं सुरू केला आणि आम्ही ४-० नं जिंकलो. पण त्याचं सगळ्यात विलक्षण दर्शन सहाव्या सामन्यात आहे. दहावी इनिंग, आम्ही दोन धावांनी पुढे, जेतेपद हातात. सेंट लुईसकडे राखीव फलंदाज उरलेले नाहीत. व्यवस्थापक टोनी ला रुसानं पिचरच्या जागी फलंदाज म्हणून जॅक्सनचं नाव दिलं. मग विचार बदलला आणि त्याच्या जागी काइल लोश या दुसऱ्या पिचरला पाठवलं. लोशनं बंट करून, म्हणजे चेंडू हलकाच टेकवून, धावणारे पुढे सरकवले, सामना बरोबरीत गेला आणि अकराव्या इनिंगमध्ये डेव्हिड फ्रीझनं होम रन मारून आमचं वाटोळं केलं. अधिकृत स्कोअरकार्डात जॅक्सनचं नाव आहे. एकही चेंडू न खेळता. नाव लागलं आणि लगेच बदली.

आयोवाची_मावशी

मी सहसा वाचनमात्र असते. मंजिरीनं खालच्या पायरीचं लिहिलं म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्या गावात मायनर लीगचा अगदी खालच्या पायरीचा संघ होता. २०२२ पासून क्लबांना खेळाडूंच्या राहण्याची सोय करणं बंधनकारक झालं. त्याआधी गावातली घरं एकेक खेळाडू ठेवून घ्यायची. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या तळघरात एक पिचर राहिला, बावीस वर्षांचा, दक्षिणेकडचा. मुलगी कॉलेजला गेली होती, खोली रिकामी होती. हे म्हणाले, येऊ दे.

सामना रात्री दहाला संपायचा, तो साडेअकराला यायचा, दोनशे मैलांवरून बस असेल तर पहाटे. मी ताट झाकून ठेवायची. पहिले काही दिवस तो संकोचानं ब्रेड खायचा. मग एकदा थालीपीठ ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताट धुऊन ओट्यावर पालथं घातलेलं, आणि चिठ्ठी: हे आणखी आहे का? त्यानंतर शेंगदाण्याचं बटर लावून थालीपीठ हा त्याचा सामन्याआधीचा नेम झाला. मला 'आंटी' म्हणायचा, मी त्याला 'मावशी' शिकवलं. 'मॉशी' म्हणायचा.

त्याच्या हातमोज्याला तो रोज रात्री तेल लावायचा. आमच्याकडे देवापुढं समईला तेल घालायची वेळ नि त्याची ती वेळ सुट्टीच्या दिवशी एकच. जमिनीवर मांडी घालून बसायचा, बोटांच्या फटींतून अंगठ्यानं तेल जिरवायचा, मग आत चेंडू घालून बुटाच्या नाडीनं मोजा बांधून ठेवायचा. एकदा माझ्या लक्षात आलं की मोज्याच्या आत शाईनं चार शहरांची नावं लिहिली होती. आमचं पाचवं व्हायचं होतं.

जुलैच्या शेवटी एका रात्री अकरा वाजता फोन आला. मला वाटलं वर बोलावलं. तो म्हणाला, ट्रेड. दुसऱ्या क्लबच्या संघात, दोन राज्यं ओलांडून. सकाळी सहाचं विमान. दोन बॅगा वीस मिनिटांत भरल्या. सवय होती. मी डब्यात थालीपिठं दिली, ओल्या नारळाची चटणी दिली नाही, खराब झाली असती. मोजा बॅगेत घातला नाही, हातात धरून गाडीत बसला.

तो मेजरपर्यंत पोचला नाही. पुढच्या वसंतात त्या क्लबनं सोडलं, एक वर्ष कुठल्याही मेजर क्लबशी न जोडलेल्या लीगमध्ये खेळला, मग संपलं. विश्राम म्हणतात ते चौदा संघ मी या नजरेनं वाचले. चौदा संघ म्हणजे चौदा वेळा कुणीतरी फोन केला.

मंजिरी_डरहॅम

मावशी, मोज्यातली ती नावं वाचून वाचन थांबवलं आणि थोडा वेळ बाहेर गेले.

बॉस्टनकर_स

मावशींनी कुठल्याच क्लबशी न जोडलेल्या लीगचा उल्लेख केला म्हणून आमच्याकडच्या रिच हिलची गोष्ट सांगितलीच पाहिजे. डावखुरा पिचर, बॉस्टनजवळच्या मिल्टनचा, जन्म मार्च १९८०. कब्जकडून २००५ मध्ये सुरुवात. मग खांदा, कोपर, रिलीफमध्ये तुकड्या-तुकड्यानं काम, बाल्टिमोर, बॉस्टन, क्लीव्हलँड, एंजल्स, यांकीज. २०१५ च्या उन्हाळ्यात, पस्तिसाव्या वर्षी, त्याच्याकडे कुठलाच संघ नव्हता. मग लाँग आयलंड डक्स नावाच्या स्वतंत्र संघात गेला. दोन सामने, अकरा इनिंग, २१ स्ट्राइकआउट (पिचरनं थेट बाद केलेले फलंदाज), शून्य धाव. बॉस्टनच्या रेड सॉक्सनी उचललं. तिथं ब्रायन बॅनिस्टर नावाच्या विश्लेषकानं त्याला सांगितलं की तुझा कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, हाच तुझा मुख्य चेंडू आहे, तो निम्म्या वेळा टाक. आयुष्यभर सगळे उलटं सांगत आले होते, आधी वेगवान चेंडू, मग कर्व्ह. सप्टेंबरात परतल्यावर पहिल्या तिन्ही सामन्यांत दहा-दहा स्ट्राइकआउट.

पुढच्या वर्षी ओकलंडनं ६० लाख डॉलर दिले. त्याच्या पुढच्यासाठी डॉजर्सनी तीन वर्षांचे ४ कोटी ८० लाख. २३ ऑगस्ट २०१७ ला पिट्सबर्गमध्ये त्यानं नऊ इनिंग एकही हिट दिला नाही, पण डॉजर्सनाही धाव काढता आली नाही. दहाव्या इनिंगच्या पहिल्याच फलंदाजानं, जॉश हॅरिसननं, होम रन मारला. १-० नं हरला. त्या रात्री मी झोपलो नाही.

आणि २२ जुलै २०२५. वय ४५. कॅन्सस सिटी रॉयल्सकडून, शिकागोत, कब्जविरुद्ध, ज्या मैदानावर वीस वर्षांपूर्वी सुरुवात केली तिथंच. चौदावा संघ, जॅक्सनची बरोबरी. पाच इनिंग टाकल्या. सामना हरले. आणखी एक सामना मिळाला आणि त्या महिनाअखेरीआधी डीएफए.

सौमित्र_के

आता मला डीएफए कळतं, हे या धाग्याचं फळ. एक विचारू? जॅक्सनचा शेवट कसा झाला? शेवटचं मैदान कुठलं?

विश्राम_सेंटलुईस

सौमित्र, मेजरमधला शेवट डेट्रॉइटला, २०१९ मध्येच. टोरोंटोनं सोडल्यावर डेट्रॉइटनं दहा वर्षांनी परत घेतलं. ते वर्ष फार वाईट गेलं, चेंडूत वेग होता पण फलंदाजांना कळत होता. २०२० मध्ये ॲरिझोनानं मायनर करार दिला, पण मेजरमध्ये खेळायला मिळालं नाही.

पण त्यानंतर एक मैदान उरलं होतं. टोकियो ऑलिम्पिक, २०२१. मेजरच्या चाळिसांच्या यादीतले खेळाडू तिथं गेले नव्हते, म्हणून अमेरिकेचा संघ कोवळ्या पोरांचा आणि अशाच फिरलेल्या माणसांचा होता. जॅक्सन त्यात होता, टॅम्पा बेमधला त्याचा २००८ चा साथीदार स्कॉट कॅझमीरही होता. जर्मनीत जन्मलेल्या सैनिकाच्या पोराच्या छातीवर पहिल्यांदा शहराऐवजी देशाचं नाव. ७ ऑगस्टला योकोहामात अंतिम सामन्यात जपाननं २-० नं हरवलं. रौप्यपदक. सप्टेंबर २०२२ मध्ये, एकोणचाळीस पूर्ण होत असताना, त्यानं निवृत्ती जाहीर केली.

बँकेतून निवृत्त झाल्यावर वडिलांनी ट्रंका रंगवून घेतल्या. सगळी गावं पुसली गेली. मी तेव्हा काही बोललो नाही. आता वाटतं, एक तरी तशीच ठेवायला सांगायला हवं होतं.

मावशी, तो मुलगा आता काय करतो?

आयोवाची_मावशी

त्याच्या गावातल्या हायस्कूलमध्ये मुलांना शिकवतो. डिसेंबरात फोन येतो. गेल्या वेळी थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण विचारत होता, मी सांगितलं ते धणे त्याला तिथं अख्खे मिळाले नाहीत. इकडून पाव किलो भाजणी पाठवली, पोचली.

मंजिरी_डरहॅम

मावशी, पुढच्या उन्हाळ्यात इकडे आलात तर आमच्याबरोबर मैदानावर चला. कुंपणाजवळ मोठा लाकडी बैल आहे, त्याला होम रन लागला की खेळाडूला स्टेक मिळतो. मुलगा तुम्हाला स्कोअरकार्ड भरायला शिकवेल. विश्राम, सौमित्र, तुम्हीही. एप्रिलमध्ये वेळापत्रक लागलं की मी इथंच टाकते.